हबलचा आरसा उड्डाणात बिघडला नव्हता

प्रति,
मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

विषय : अवकाश दुर्बिणींच्या प्रकाशीय जुळणीच्या चाचण्या आणि आपल्याकडील प्रयोगशाळा

महोदय,

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत अवकाश दुर्बिणींनी टिपलेल्या छायाचित्रांवर जो लेख प्रसिद्ध झाला, तो मी माझ्या दोन शाळकरी नातवंडांना शेजारी बसवून वाचला. खान्देशातल्या वाचकांसाठी पूर्ण दोन पाने आकाशाला दिल्याबद्दल प्रथम आपले मनापासून आभार मानतो. मात्र त्या लेखातली दोन विधाने दुरुस्त व्हावीत, असे मला फार तळमळीने वाटते. पहिले विधान असे, की १९९० मध्ये हबल दुर्बिणीचा आरसा उड्डाणाच्या हादऱ्यांमुळे बिघडला. दुसरे असे, की जेम्स वेब दुर्बिणीचे अठरा आरसे अवकाशात पोहोचताच संगणकाने आपोआप जुळवून घेतले. अमळनेर परिसरातल्या एका महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत एकतीस वर्षे काम करून मी निवृत्त झालो आहे. भिंगे, आरसे आणि लोलक जागेवर बसवण्यात माझे आयुष्य गेले, म्हणून या दोन वाक्यांवरून मला पुढे जाता आले नाही.

हबलचा २.४ मीटर व्यासाचा मुख्य आरसा अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात, डॅनबरी येथील कारखान्यात १९८१ मध्ये घासून पूर्ण झाला आणि तो चुकला तो तिथेच, उड्डाणाच्या नऊ वर्षे आधी. २४ एप्रिल १९९० रोजी डिस्कव्हरी यानातून दुर्बीण वर गेली, तेव्हा आरशाचा आकार कारखान्यात होता तसाच होता. त्याची कड हवी होती त्यापेक्षा सुमारे २.२ मायक्रॉनने (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सपाट घासली गेली होती, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा साधारण पन्नासावा हिस्सा. पण तेवढ्यानेच कडेवरून येणारे किरण आणि मध्यभागावरून येणारे किरण वेगवेगळ्या अंतरांवर एकत्र येऊ लागले. बी.एस्सी.च्या वर्गात या दोषाला आपण गोलीय विपथन म्हणतो. ताऱ्याचा सुमारे ७० टक्के प्रकाश ज्या बारीक ठिपक्यात मावायला हवा होता, तिथे जेमतेम १५ टक्के पोहोचला आणि बाकीचा भोवती धुक्यासारखा पसरला. जून १९९० च्या अखेरीस हा दोष जाहीर झाला, तेव्हा आमच्या प्रयोगशाळेतही त्यावर कित्येक दिवस बोलणे चाललेले मला आठवते.

आरसा घासणाऱ्यांचा हात कच्चा होता, असेही कोणी समजू नये. तो अतिशय नेमका घासला होता, पण चुकीच्या मापाबरहुकूम. माप घेणारे उपकरण म्हणजे नल करेक्टर. दोन लहान आरसे आणि एक लहान भिंग यांची ही रचना असते आणि मुख्य आरशाचा आकार अचूक झाला, की तिच्यातून दिसणाऱ्या व्यतिकरणाच्या (प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून उमटणाऱ्या) पट्ट्या सरळ दिसतात. हे भिंग कोणत्या अंतरावर बसवायचे, ते इन्व्हार या धातूच्या दांडीने ठरवायचे होते. दांडीच्या टोकावर बारीक छिद्र असलेली टोपी होती, आणि मोजणीचा प्रकाश त्या छिद्रातून जाऊन दांडीच्या टोकावरून परत यावा, अशी योजना होती. टोपीवरचा काळा लेप एका ठिकाणी निघालेला होता. प्रकाश दांडीऐवजी टोपीच्या उघड्या पडलेल्या धातूवरून परत आला, आणि भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसले. त्या मापाप्रमाणे बसवताना भिंग हवे तितके सरकेना, तेव्हा काम करणाऱ्यांनी वॉशर घालून ते तिथवर आणले.

या वॉशरपाशी माझे मन दर वेळी थांबते. जिनिंगमधला, पंपांच्या दुकानातला किंवा भुसावळच्या रेल्वे कारखान्यातला कोणताही जुना मिस्त्री सांगेल, की जो भाग स्क्रूच्या पूर्ण फिरकीतही जागेवर येत नाही, तो आपल्याला काहीतरी सांगत असतो. तेव्हा हात थांबवून आराखडा पुन्हा उघडायचा असतो. तिथे काम वेळेत संपवण्याची घाई होती, पैसा कमी पडत होता, आणि भिंगाखाली वॉशर गेले.

यापुढची गोष्ट अधिक दुःखाची आहे. आरसा चुकला आहे, हे त्या कारखान्यातल्या दुसऱ्या दोन चाचण्यांत दिसले होते. त्यांपैकी एक चाचणी भिंगांच्या वेगळ्या करेक्टरची होती आणि दुसरी मुख्य करेक्टरचीच पारख करणाऱ्या एका उपकरणाची होती. दोन्हींत पट्ट्या वाकड्या आल्या. परंतु ही दोन उपकरणे मुख्य करेक्टरइतकी अचूक नाहीत, असे मानून त्यांचा पुरावा बाजूला ठेवला गेला. ल्यू ॲलन यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने नोव्हेंबर १९९० च्या अहवालात हे सगळे स्पष्टपणे मांडले आहे. समितीच्या सुदैवाने तो मूळ करेक्टर कारखान्यात जसाच्या तसा उभा होता. तो मोजल्यावर १.३ मिलिमीटरचा फरक हाती लागला.

हा अहवाल पुढे वाचनात आला, तेव्हा मला आमच्या प्रयोगशाळेतला एक प्रसंग आठवला. तो मी आजवर लिहिलेला नाही. द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे किरण किती वळला ते मोजणाऱ्या उपकरणावर, लोलकाचा अपवर्तनांक (त्याची काच प्रकाश किती वळवते याचा आकडा) काढला. तिने दुर्बीण दूरच्या पाण्याच्या टाकीवर रोखून नीट स्पष्ट केली होती, शूस्टरच्या पद्धतीने कोलिमेटर (समांतर किरण सोडणारी नळी) जुळवला होता, लोलकाचे टेबल त्याच्या तीन स्क्रूंनी समपातळीत आणले होते. उत्तर आले १.५२. प्रयोगशाळेच्या नोंदवहीत त्या क्रमांकाच्या लोलकापुढे १.६५ असा आकडा होता. मी तिला प्रयोग पुन्हा करायला लावला. पुन्हा १.५२ आले, तिसऱ्यांदाही १.५२ च आले. मग मी तिला म्हणालो, की तुझे किमान विचलन (किरणाच्या कमीत कमी वळण्याचा कोन) चुकते आहे, शेजारच्या गटाचे वाचन बघ. तिने मुकाट्याने शेजारच्या वहीतले आकडे उतरवले आणि मी त्याखाली सही केली. दोन महिन्यांनी साठ्याची तपासणी करताना कळले, की प्रकाश जास्त वळवणाऱ्या फ्लिंट काचेचा जुना लोलक फुटल्यामुळे त्याच क्रमांकाच्या खोक्यात कमी वळवणाऱ्या क्राउन काचेचा नवा लोलक ठेवला गेला होता आणि नोंदवही कोणी बदललेली नव्हती. म्हणजे त्या मुलीचे मोजमाप निर्दोष होते. शेजारच्या गटाने आपले आकडे नोंदवहीवरून उलटे काढले होते, हेही तेव्हाच उघड झाले. तोवर ती मुलगी परीक्षा देऊन गावी गेली होती. तिची क्षमा मागण्याची संधी मला मिळाली नाही.

डॅनबरीत जे घडले आणि आमच्या प्रयोगशाळेत जे घडले, त्यांत मला एकच चूक दिसते. दोन मोजमापे जुळत नाहीत, तेव्हा त्यांतले एक आधीच खरे धरले गेले. ते खरे आहे की नाही, हे तिसऱ्या, स्वतंत्र मार्गाने कोणी तपासले नाही. हबलच्या बाबतीत संपूर्ण दुर्बीण जोडून झाल्यावर तिच्यात एका टोकाकडून प्रकाश सोडून दुसऱ्या टोकाला प्रतिमा पाहण्याची चाचणी खर्चाच्या कारणाने केलीच गेली नव्हती. तशी एखादी ढोबळ चाचणी झाली असती, तरी एवढा मोठा दोष तिच्यात लपला नसता.

हबल पुढे सुधारली, हे आपल्या लेखात आले आहे, पण ती कशी सुधारली, ते आलेले नाही. डिसेंबर १९९३ मध्ये एंडेव्हर यानातून गेलेल्या अंतराळवीरांनी पाच वेळा यानाबाहेर पडून काम केले आणि नवा कॅमेरा व कोस्टार नावाचे उपकरण दुर्बिणीत बसवले. मुख्य आरसा बदलणे शक्यच नव्हते. म्हणून नव्या कॅमेऱ्यातल्या आणि कोस्टारमधल्या नाण्याएवढ्या लहान आरशांना मुख्य आरशाच्या दोषाच्या नेमका उलट आकार देण्यात आला. दोष जितका नेमका होता तितकाच उताराही नेमका देता आला. या वेळी मात्र कोणी गृहीत धरून चालले नाही. हबलचा तोच दोष मुद्दाम उतरवलेली नकली दुर्बीण जमिनीवर तयार केली गेली आणि नवी उपकरणे तिच्यासमोर ठेवून पारखली गेली.

आता जेम्स वेबकडे येतो. लेखात आरशांचे वर्णन आहे, उपकरणांविषयी मात्र एक ओळही नाही, म्हणून मी उपकरणांपासून सुरुवात करतो. वेबवर चार उपकरणे आहेत. एक अमेरिकेत झाले, एक युरोपात झाले, एक युरोप आणि अमेरिका यांनी मिळून केले, आणि एक कॅनडाने दिले. इतक्या दूरदूर घडलेल्या चार डोळ्यांनी एकाच आरशाने आणलेला प्रकाश एकाच नाभीपातळीवर, म्हणजे प्रतिमा जिथे उमटते त्या पातळीवर, स्पष्ट पाहायचा होता. उपकरणे तयार झाली तेव्हा मुख्य आरसा त्यांच्याजवळ नव्हता, मग ती पारखायची कशी? त्यासाठी मेरिलँडमधल्या गोडार्ड केंद्रात दुर्बिणीची बतावणी करणारे एक यंत्र बनवले गेले. मुख्य आरशाकडून जसा प्रकाश येईल, तसाच, त्याच कोनात आणि त्याच पसाऱ्याने, हे यंत्र उपकरणांकडे पाठवी. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती याच्याही आधीची पायरी. उपकरणे या यंत्रासमोर उभी करण्यापूर्वी हे यंत्रच निर्वात आणि थंड कोठीत ठेवून दुसऱ्या मोजणीयंत्राने तपासून घेतले गेले. ज्याने मोजायचे, त्याचीच मोजणी आधी झाली. त्यानंतर २०१३ पासून २०१६ च्या सुरुवातीपर्यंत चारही उपकरणांचा एकत्रित संच तीनदा त्या कोठीत थंड केला गेला. शेवटची फेरी कंपनाच्या आणि आवाजाच्या चाचण्यांनंतर मुद्दाम घेतली गेली, कारण हादऱ्यांनी काही हलले असेल तर ते जमिनीवर असतानाच कळायला हवे होते.

थंड का करावे लागते, हे खान्देशात राहणाऱ्याला वेगळे सांगावे लागू नये. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा रुळांचे काय होते, याची काळजी रेल्वेच्या लोकांना दर उन्हाळ्यात असते. ॲल्युमिनियमची एक मीटर लांबीची पट्टी तापमानाच्या एका अंशाने सुमारे २३ मायक्रॉन वाढते, म्हणजे दुपार आणि पहाट यांच्यातल्या २० अंशांच्या फरकाने ती जवळजवळ अर्धा मिलिमीटर लांब-आखूड होते. हबलचा सगळा दोष २.२ मायक्रॉनचा होता, हे लक्षात घ्यावे. वेबचे आरसे आणि तिची बहुतेक उपकरणे उणे २३० अंश सेल्सिअसच्या आसपास काम करतात, तर मिरी या उपकरणातले संवेदक त्याहूनही खाली, निरपेक्ष शून्याच्या वर सात अंशांहून कमी तापमानात ठेवावे लागतात. अशा थंडीत प्रत्येक धातू आपापल्या प्रमाणात आक्रसतो. खोलीच्या तापमानात बिनचूक जुळलेली रचना तिथे जुळलेली राहत नाही. म्हणून वेबच्या बेरिलियमच्या आरशांचे तुकडे आधी थंड करून मोजले गेले, थंडीत ते कुठे किती वाकतात याची नोंद झाली, आणि मग ते खोलीच्या तापमानात नेमके तितकेच उलट वाकडे घासले गेले. थंडीत गेल्यावर ते सरळ व्हावेत, अशा हिशेबाने. पाटीवर हे समजावून सांगताना माझ्या अंगावर आजही शहारा येतो. जाता जाता, या अठरा आरशांवर मिळून जे सोने चढवले आहे, ते सुमारे ४८ ग्रॅम भरते. जळगावच्या सराफ बाजारातल्या दहा ग्रॅमच्या तोळ्याने हे पाच तोळ्यांहूनही कमी आहे.

२०१७ च्या उन्हाळ्यात आरसे आणि उपकरणे एकत्र जोडून ह्यूस्टन येथील एका प्रचंड निर्वात कोठीत ठेवली गेली. याच कोठीत पूर्वी अपोलो यानांच्या चाचण्या झाल्या होत्या. सुमारे शंभर दिवस ही चाचणी चालली. मध्येच ऑगस्टमध्ये हार्वे वादळ आले, शहर पाण्याखाली गेले, तरी चाचणी थांबली नाही. तिथे हबलच्या वेळी राहून गेलेली गोष्ट करण्यात आली. दुर्बिणीच्या आतूनच प्रकाश सोडून तो मुख्य आरशासमोरच्या लहान, दुय्यम आरशावरून मुख्य आरशावर, तिथून वर टांगलेल्या दीड मीटर व्यासाच्या तीन सपाट आरशांवर, आणि त्यांच्यावरून परत संपूर्ण दुर्बिणीतून थेट उपकरणांपर्यंत नेला गेला. तज्ज्ञ तिला दीड फेरीची चाचणी म्हणतात. आरशांचा आकार वेगळ्या व्यतिकरणमापकाने मोजला गेला, त्यांच्या जागा फिरत्या कॅमेऱ्यांनी घेतलेल्या छायाचित्रांवरून वेगळ्या काढल्या गेल्या, आणि हे सगळे आकडे एकमेकांसमोर ठेवून पाहिले गेले. पुढे २०१८ मध्ये आवाजाच्या चाचणीनंतर दुर्बिणीला उन्हापासून झाकणाऱ्या सूर्यकवचाच्या आवरणाचे काही स्क्रू आणि वॉशर सुटून पडलेले सापडले आणि दुरुस्तीत बराच वेळ गेला. त्या वेळी त्यावर टीकाही झाली. ते जमिनीवर सापडले, याचा मला आनंदच वाटतो.

२५ डिसेंबर २०२१ रोजी वेबचे उड्डाण झाले. आता ‘आपोआप’ या शब्दाकडे वळतो. सप्तर्षीच्या भागातल्या एका ताऱ्यावर दुर्बीण रोखली गेली, तेव्हा पहिल्या चित्रात त्या एकाच ताऱ्याचे अठरा ठिपके इकडे तिकडे विखुरलेले दिसले. ते चित्र फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. कोणता ठिपका कोणत्या आरशाचा, हे ओळखण्यासाठी एकेक आरसा किंचित हलवून कोणता ठिपका हलतो ते पाहिले गेले. आम्ही स्पेक्ट्रोमीटरच्या टेबलाचा एकेक स्क्रू फिरवून प्रतिमा कुठे सरकते ते पाहतो, तीच ही रीत आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही. प्रत्येक आरशामागे सात हालचाल-यंत्रे आहेत, सहा त्याची जागा व कल बदलण्यासाठी आणि सातवे त्याची वक्रता बदलण्यासाठी. त्यांच्या साहाय्याने अठरा ठिपके आधी स्पष्ट केले गेले, मग एकावर एक ठेवले गेले, मग आरशांच्या पृष्ठभागांतली उंचसखलता काढत काढत ती सुमारे ५० नॅनोमीटरवर (नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग) आणली गेली. आपल्या प्रयोगशाळांतल्या सोडियम दिव्याच्या पिवळ्या प्रकाशाच्या तरंगलांबीचा हा साधारण बारावा हिस्सा आहे. इथवरची मोजणी एकाच उपकरणाच्या डोळ्याने झाली होती. त्यामुळे त्यानंतर बाकीच्या उपकरणांच्या दृष्टिक्षेत्रांतही प्रतिमा तितकीच नेटकी आहे का, हे स्वतंत्रपणे पडताळले गेले, कारण एका उपकरणाला सोयीची जुळणी दुसऱ्याला गैरसोयीची ठरू शकते. हे सगळे २८ एप्रिल २०२२ पर्यंत चालले. संगणक अर्थातच वापरला गेला. पण प्रत्येक पायरीला पुढे जायचे की मागे फिरायचे, हे माणसांनी बसून ठरवले होते.

वाचकांना हे फार दूरचे वाटू नये, म्हणून माझ्या घरातल्या एका आरशाविषयी लिहितो. पुण्यातल्या एका कार्यशाळेत शिकून मी सहा इंच व्यासाचा आरसा स्वतः घासला. त्याची तपासणी करायला दाढीचे एक पाते, बारीक छिद्रातून येणारा दिवा आणि अंधारी खोली एवढेच लागते. या चाचणीला फुको यांचे नाव आहे. आरशापासून सुमारे अडीच मीटरवर, जिथे परावर्तित प्रकाश एका बिंदूत गोळा होतो, तिथे पाते हळूहळू आडवे आणायचे आणि पात्याला डोळा भिडवून आरशाकडे पाहायचे. आरशावर सावल्या उमटतात आणि पृष्ठभागावरचे मायक्रॉनच्या अंशाएवढे चढउतारही डोंगरदऱ्यांसारखे दिसू लागतात. आरशावर अंगठा दहा सेकंद टेकवून उचलला, तर काच तेवढ्या उबेने फुगते आणि तिथे एक टेकाड उभे राहिलेले दिसते, मग ते मिनिटभरात हळूहळू विरते. माझ्या थोरल्या नातवाने स्वतःच्या अंगठ्याचे टेकाड पाहिले तेव्हा तो कितीतरी वेळ काही बोललाच नाही. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे ही चाचणी पहाटे पाचच्या आतच करावी लागते. पंखा बंद, कूलर बंद, दारे लावलेली. सूर्य वर आला आणि भिंती तापू लागल्या, की खोलीतली हवाच पाण्यासारखी हलताना दिसते आणि आरसा दिसेनासा होतो. निर्वात कोठी कशासाठी लागते, हे मला तिथे समजले.

वजनाचेही तसेच आहे. जमिनीवर आरसा स्वतःच्या भाराने किंचित लवतो आणि अवकाशात तो भार नसतो, म्हणून जमिनीवरच्या मोजमापातून हा लवण्याचा भाग हिशेबाने वजा करावा लागतो. हबलच्या कार्बनतंतूंच्या सांगाड्यात मुरलेला दमटपणा निर्वातात निघत गेला, सांगाडा वर्षानुवर्षे आक्रसत राहिला आणि दुय्यम आरसा अधूनमधून काही मायक्रॉनने सरकवून प्रतिमा पुन्हा स्पष्ट करावी लागली. जुळणी एकदा केली आणि संपली, असे होत नाही.

हे काम केवळ अमेरिकेत होते, असा समज लेखावरून होईल, म्हणून आपल्या देशाविषयीही लिहिले पाहिजे. २८ सप्टेंबर २०१५ रोजी गेलेल्या ॲस्ट्रोसॅट या उपग्रहावर अतिनील किरणांच्या दोन दुर्बिणी जोडीने बसवलेल्या आहेत. त्यांची जुळणी आणि पारख बंगळूरूजवळच्या होसकोटे येथे, भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या स्वच्छ कक्षांत झाली. अतिनील प्रकाशाला तेलकट वाफेचा अतिशय पातळ थरही अडवतो, त्यामुळे उड्डाणानंतर सुमारे दोन महिने या दुर्बिणींची झाकणे बंदच ठेवली होती, उपग्रहाच्या आतल्या वाफा आधी निघून जाव्यात म्हणून. २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेल्या आदित्य-एल१ वरचे सूर्यप्रभा पाहणारे उपकरण होसकोट्यातच घडले. सूर्याची तबकडी झाकून तिच्या अगदी लगतची, तिच्याहून लाखो पटींनी मंद असलेली प्रभा पाहायची म्हणजे आरशावरचा धुळीचा एकेक कणही प्रकाश विखरून घात करतो. त्याच यानावरची सूट ही अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेच्या नेतृत्वाखाली तयार झाली. आपल्या बोलीत बोलणाऱ्या कितीतरी मुलामुलींचे हात त्या कामाला लागले असतील. त्यांनी स्वच्छ कक्षात काय केले, हे आपल्या पुरवणीत यावे, अशी माझी फार इच्छा आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथे भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख आहे, आणि प्रत्येक विज्ञान समारंभात त्याचा उल्लेख होतो. पण भास्कराचार्यांनी वेध घेण्याच्या यंत्रांवर स्वतंत्र अध्याय लिहिला होता, हे फारसे सांगितले जात नाही.

शेवटी आपल्या शाळांविषयी. चोपडा तालुक्यातल्या एका गावच्या शाळेत गेल्या हिवाळ्यात मला बोलावले होते. शाळेला कोणत्यातरी योजनेतून चांगली, परावर्तक प्रकारची दुर्बीण मिळालेली होती, पण ती तीन वर्षे कपाटात होती. कारण विचारले तेव्हा शिक्षक म्हणाले, की साहेब, हिच्यातून शनी नुसता चिकटलेल्या कापसाच्या बोळ्यासारखा दिसतो, दुर्बीण हलक्या प्रतीची आहे. मी ती अंगणात आणून तिच्या तोंडातून आत पाहिले. दुय्यम आरसा वाहतुकीत फिरला होता आणि नळीच्या मागचे तीन स्क्रू कधी कोणी हलवलेलेच नव्हते. एका मुलाला डोळ्याशी बसवले, दुसऱ्याला मागे स्क्रूपाशी. पहिला सांगत गेला, दुसरा फिरवत गेला, आणि पाऊण तासाने तेजस्वी ताऱ्याभोवतीची वर्तुळे एकमेकांत नीट मध्यावर बसली. त्या रात्री साठ-सत्तर मुलांनी आणि त्यांच्या आयांनी शनीची कडी पाहिली. दुर्बीण हलक्या प्रतीची नव्हती, ती जुळवलेली नव्हती आणि जुळवायची असते, हे दुर्बिणीबरोबर कोणी शिकवले नव्हते. अशा किती दुर्बिणी जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या शाळांच्या कपाटांत पडून असतील, या विचाराने मला वाईट वाटते.

म्हणून आपल्याला विनंती आहे, की उपरोक्त दोन विधानांची दुरुस्ती आपण ठळकपणे छापावी, आणि पुढच्या वेळी अवकाशातले चित्र छापताना ते घेणारे उपकरण जमिनीवर कसे पारखले गेले, याची एक चौकट त्यासोबत द्यावी. विज्ञान प्रदर्शनांच्या परीक्षकांनाही माझे सांगणे आहे, की मुलांच्या प्रतिकृतीची चमक पाहण्याआधी त्यांनी एक प्रश्न विचारावा : तुझे माप बरोबर आहे, हे तू दुसऱ्या कोणत्या रीतीने तपासलेस? आणि महाविद्यालयांतल्या माझ्या सहकाऱ्यांनो, एखाद्या विद्यार्थ्याचे उत्तर नोंदवहीशी जुळत नसेल, तर सही करण्याआधी कपाट उघडून लोलक पाहा.

तालुक्यातल्या ज्या शिक्षकांच्या शाळेत अशी दुर्बीण पडून असेल, त्यांनी आपल्या दैनिकाच्या कार्यालयामार्फत मला कळवावे. मी एसटीने येईन. सोबत सहा इंची आरसा, दिवा आणि पाते आणीन. एक अंधारी खोली आणि पहाटेचे दोन तास मात्र द्यावेत, कारण ऊन तापल्यावर काही दिसणार नाही.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा कर्मचारी,
अमळनेर, जि. जळगाव